एका प्रश्नाची पाच उत्तरे : आम्लाची संहती आणि उदासिनीकरण

१८४० साली सेंट पीटर्सबर्गमध्ये जर्मेन हेस या रसायनशास्त्रज्ञाने सल्फ्युरिक आम्लाचे चार नमुने घेतले. पहिल्यात पाणी मिसळलेले नव्हते. दुसऱ्यात आम्लाच्या एका रेणूमागे पाण्याचा एक, तिसऱ्यात दोन आणि चौथ्यात पाच रेणू होते. चारही नमुने त्याने अमोनियाच्या द्रावणाने उदासीन केले आणि निघालेली उष्णता मोजली. त्याच्या एककात आकडे आले ते साधारण असे : ५९६, ५१९, ४८० आणि ४४६. आम्ल जितके पातळ, तितकी उष्णता कमी. निष्कर्ष सरळ दिसत होता. पण हेसने आणखी एक मोजणी केली होती. आम्लात आधी पाणी मिसळताना जी उष्णता निघून गेली, तीही त्याने टिपून ठेवली होती : ०, ७८, ११७ आणि १५६. दोन्ही रकान्यांची बेरीज ५९६, ५९७, ५९७ आणि ६०२ भरली. मोजणीतल्या चुका धरल्या तर चारही बेरजा एकच.

रसायनशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी हेसचा नियम शिकतो : क्रिया कोणत्याही टप्प्यांनी झाली तरी एकूण उष्णता तेवढीच. तो ज्या प्रयोगांतून आला, त्यांत हा प्रयोग महत्त्वाचा होता. आम्लाची संहती बदलली की उदासिनीकरणात काय बदलते, हा प्रश्न तेव्हा जितका जिवंत होता तितकाच आजही आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत तो विचारला जातो, साखर कारखान्यात विचारला जातो आणि सांडपाण्याच्या टाकीपाशीही. उत्तर मात्र ठिकठिकाणी वेगळे मिळते. त्या उत्तरांची आज काय स्थिती आहे, याचा हा आढावा.

शब्दांचा घोळ

सुरुवात शब्दांपासून करावी लागते. मराठी शालेय पुस्तकांत दोन जोड्या वापरल्या जातात. ‘तीव्र’ आणि ‘सौम्य’ ही जोडी आम्लाच्या स्वभावाबद्दल बोलते : पाण्यात गेल्यावर त्याचे रेणू आयनांत किती फुटतात. ‘संहत’ आणि ‘विरल’ ही जोडी पाण्यात आम्ल किती घातले आहे ते सांगते. हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र आहे, मग ते बाटलीत ३७ टक्के असो वा पाण्याने हजारपट पातळ केलेले. ॲसेटिक आम्ल सौम्य आहे, अगदी शंभर टक्के शुद्ध असले तरीही.

रोजच्या बोलण्यात ही सीमा पुसली जाते. ‘तीव्र ॲसिड’ असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा संहत आम्ल असते. व्हिनेगर ‘सौम्य’ म्हणताना ते पातळ आहे असे म्हणायचे असते की ॲसेटिक आम्लाचा स्वभावच सौम्य आहे असे, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. या घोळाचा परिणाम थेट आपल्या प्रश्नावर होतो. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू, म्हणजे पीएच, १ च्या आसपास असतो. तेवढ्याच संहतीच्या ॲसेटिक आम्लाचा तो २.९ असतो, म्हणजे हायड्रोजन आयन जवळजवळ पाऊणशे पट कमी. तरीही दोघांचे २५-२५ मिलिलिटर उदासीन करायला ०.१ मोलर कॉस्टिक सोडा नेमका २५ मिलिलिटरच लागतो. सौम्य आम्लाला अल्कही कमी लागेल, असा अंदाज विद्यार्थी हमखास बांधतात आणि तो चुकतो. अल्क हायड्रोजन आयन खाऊ लागला की ॲसेटिक आम्लाचे उरलेले रेणू फुटत जातात. शेवटी एकही शिल्लक राहत नाही.

मोजण्याची सुरुवात : ताकद म्हणजे किती?

आम्लाची ताकद अल्काने मोजायची, ही कल्पना अणूंच्या कल्पनेहून जुनी आहे. १६६४ साली रॉबर्ट बॉइलने व्हायोलेट फुलांच्या पाकाचा रंग आम्लाने लाल आणि अल्काने हिरवा होतो हे नोंदवले. रंगाने ओळख पटली, प्रमाण कळले नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये विल्हेल्म होम्बर्ग वेगवेगळी आम्ले ठरावीक वजनाच्या पोटॅशियम कार्बोनेटवर ओतून पाहत होता. कोणत्या द्रावात खरे आम्ल किती, हाच त्याचा प्रश्न होता.

पुढचा धक्का कापड उद्योगाने दिला. कापड पांढरे करण्यासाठी राखेतला अल्क लागे आणि व्यापारी त्यात भेसळ करत. १७५६ साली स्कॉटलंडच्या फ्रान्सिस होमने अशा राखेत पातळ केलेले नायट्रिक आम्ल चमच्याचमच्याने घालून, फेस थांबेपर्यंत किती चमचे लागले ते मोजण्याची पद्धत दिली. आम्ल पातळ करून घेण्यात व्यवहारी शहाणपण होते : पातळ आम्लाचे जास्त चमचे लागतात, म्हणून एका चमच्याची चूक लहान ठरते.

१७९० च्या दशकात रिश्टर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ठरावीक आम्लाला ठरावीक प्रमाणातच आम्लारी, म्हणजे बेस, लागते, हे कोष्टकांत मांडले. १८२० आणि १८३० च्या दशकांत गे-ल्युसॅकने पॅरिसमध्ये अनुमापनाची, म्हणजे टायट्रेशनची, तंत्रे पक्की केली आणि १८५५ मध्ये फ्रीडरिश मोरने त्यांचे पाठ्यपुस्तक लिहिले. इथवर संहतीचे स्थान स्पष्ट होते. ती फक्त एक गुणक होती. संहती दुप्पट तर आकारमान निम्मे, आणि लागणारा अल्क तेवढाच.

उष्णता मोजायला सुरुवात झाली आणि हा साधेपणा संपला.

उष्णतेचा वाद

हेसच्या पाठोपाठ १८४१ पासून बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूजने उदासिनीकरणाच्या उष्णतेवर काम सुरू केले. वायूंच्या क्रांतिक तापमानामुळे पुढे प्रसिद्ध झाला तोच हा अँड्र्यूज. त्याने विरल द्रावणे वापरली आणि उष्णता आम्लारीवर ठरते, आम्लावर नाही, असा निष्कर्ष काढला. हेसचा कल नेमका उलट होता. दोघांचे प्रयोग काळजीपूर्वक केलेले होते, तरी निष्कर्ष जुळेनात. कारण आज मागे वळून पाहताना दिसते. दोघांनीही निरनिराळ्या तीव्रतेची आम्ले आणि आम्लारी एकाच यादीत घातली होती, आणि पातळ करण्याची उष्णता कुठे मोजायची याचा संकेत ठरलेला नव्हता.

तो ठरवला कोपनहेगनच्या ज्युलियस थॉमसेनने. पुढची काही दशके त्याने शेकडो मोजण्या केल्या, बहुतेक विरल द्रावणांत आणि शक्य तितक्या सारख्या परिस्थितीत. पॅरिसमध्ये मार्सेलॅं बर्थेलो त्याच क्षेत्रात त्याचा प्रतिस्पर्धी होता. थॉमसेनच्या आकड्यांत एक विलक्षण सारखेपणा उठून दिसला. हायड्रोक्लोरिक, नायट्रिक, हायड्रोब्रोमिक : आम्ल कोणतेही घ्या, सोड्याशी किंवा पोटॅशशी उदासीन करा, दर मोलमागे १३.७ किलोकॅलरीच्या आसपास उष्णता निघते, म्हणजे सुमारे ५७ किलोज्यूल.

पदार्थ वेगवेगळे आणि उष्णता एकच, हे कसे? उत्तर १८८७ मध्ये स्वीडनच्या स्वांते आऱ्हेनियसच्या सिद्धान्तात मिळाले. विरल द्रावणात तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क आधीच आयनांत फुटलेले असतात. प्रत्यक्षात घडते ते एवढेच की हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन मिळून पाणी होते. क्लोराइड आणि सोडियम बाजूला उभे राहून पाहतात. क्रिया एकच, म्हणून उष्णता एकच. आऱ्हेनियसला १९०३ चे नोबेल मिळाले त्यामागे या पुराव्याचेही वजन होते.

तीन भूमिका

आऱ्हेनियसनंतर या प्रश्नाभोवती तीन भूमिका तयार झाल्या. त्या आजही शेजारी शेजारी नांदतात.

पहिली भूमिका हिशेबाची. तिच्या मते उदासिनीकरण म्हणजे मोलांची जुळवाजुळव. संहती गुणिले आकारमान, एवढेच पाहायचे. हिची ताकद मोठी आहे, कारण औषधांची तपासणी, पाण्याची आम्लता आणि अन्नपदार्थांतले आम्ल जगभर याच पायावर मोजले जाते. अनुमापनाचे काम करणाऱ्याला उष्णतेची चिंता करावी लागत नाही.

दुसरी भूमिका द्रावणाच्या भौतिकीची. तिच्या मते आऱ्हेनियसचे चित्र फक्त पुरेशा विरल द्रावणांत खरे आहे. संहती वाढली की आयन एकमेकांना जाणवू लागतात. त्यांची परिणामकारक संहती, म्हणजे सक्रियता, बाटलीवर लिहिलेल्या संहतीपासून दूर जाते. १९२३ मध्ये डेबाय आणि ह्युकेल यांनी याचे गणित मांडले. हायड्रोक्लोरिक आम्लाचा सक्रियता गुणांक दर किलो पाण्यात ०.१ मोल असताना सुमारे ०.८० असतो. तो ०.५ मोलच्या आसपास ०.७६ पर्यंत उतरतो आणि मग चढू लागतो. १० मोलला तो १० च्या वर जातो. म्हणजे संहत आम्ल त्याच्या आकड्याहून दहापट ‘अधिक’ आम्लासारखे वागते. या भूमिकेतून पाहणाऱ्याला, संहतीने फरक पडत नाही, हे विधान अर्धवट वाटते.

तिसरी भूमिका अभियंत्याची. टाकीत, पाइपात, जमिनीत जे घडते ते समतोलावर नव्हे, तर मिसळण्यावर, तापण्यावर आणि नियंत्रणावर ठरते, असे तिचे म्हणणे. तिच्यासाठी संहती हाच पहिला प्रश्न असतो, कारण सुरक्षितता आणि खर्च तिच्यावर अवलंबून असतात.

तिन्ही भूमिका बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. म्हणून ‘काय बदलते?’ या एका प्रश्नाचे पाच तुकडे करून पाहणे सोयीचे.

पाच उत्तरे

पहिले, लागणारा अल्क. आम्लाचे मोल तेवढेच असतील तर संहतीने काहीही बदलत नाही. आकारमान तेवढेच ठेवून संहती दुप्पट केली तर अल्क दुप्पट लागतो. एक खाच लक्षात ठेवायची : सल्फ्युरिक आम्लाचा एक रेणू दोन हायड्रोजन आयन देतो, त्यामुळे १ मोलर सल्फ्युरिकला १ मोलर हायड्रोक्लोरिकच्या दुप्पट अल्क लागतो. भारतातल्या अनेक प्रयोगशाळा म्हणूनच अजून ‘नॉर्मॅलिटी’त बोलतात. आंतरराष्ट्रीय संस्थांचा कल मोलरकडे आहे, पण रोजच्या कामात जुने एकक सोयीचे पडते.

दुसरे, दर मोलची उष्णता. अतिविरल द्रावणात, २५ अंश सेल्सिअसला, तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कासाठी ती सुमारे ५५.८ किलोज्यूल आहे. पाठ्यपुस्तकांतला ५७.१ किंवा ५७.३ हा आकडा यात बसत नाही असे वाटेल. पण ही उष्णता तापमान वाढेल तशी कमी होत जाते, आणि जुन्या मोजण्या अठरा-वीस अंशांच्या आसपासच्या होत्या. शिवाय १ मोलरच्या द्रावणांत आयनांच्या परस्परक्रियेमुळे आकडा थोडा वर सरकतो.

खरी उडी संहत आम्लाशी येते. ३७ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात आम्लाच्या एका रेणूमागे पाण्याचे जेमतेम साडेतीन रेणू असतात. अशा आम्लाला भरपूर पाणी मिळाले की दर मोलमागे आणखी पंधराएक किलोज्यूल उष्णता निघते. शुद्ध सल्फ्युरिक आम्लासाठी हा आकडा ९५ च्या आसपास जातो, म्हणजे उदासिनीकरणाच्या एका पायरीच्या उष्णतेहून कितीतरी जास्त. बाजारातल्या ९८ टक्के आम्लात तर नऊ आम्लरेणूंमागे पाण्याचा एकच रेणू असतो. हेसने १८४० मध्ये दोन रकाने वेगळे ठेवले, ते याच कारणासाठी.

सौम्य आम्लांची गोष्ट निराळी. हायड्रोसायनिक आम्लाची उदासिनीकरण-उष्णता जेमतेम १२ किलोज्यूल आहे, कारण उरलेली ऊर्जा रेणू फोडण्यात जाते. हायड्रोफ्लुओरिक आम्ल मात्र सौम्य असूनही सुमारे ६८ किलोज्यूल देते, कारण लहानशा फ्लुओराइड आयनाला पाणी घट्ट वेढते. सौम्य आम्ल म्हणजे कमी उष्णता, हा सोपा नियम इथे मोडतो.

तिसरे, तापमानातली वाढ. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण थर्मामीटर उष्णता दाखवत नाही, तापमान दाखवतो. १ मोलर आम्ल आणि १ मोलर अल्क सारख्या आकारमानात मिसळले तर तापमान सुमारे ६.८ अंशांनी वाढते. दोन्ही २ मोलर केले तर १३.६ अंशांनी. दोन्ही ०.१ मोलर केले तर जेमतेम ०.७ अंशाने. पण अल्क १ मोलरच ठेवून फक्त आम्ल २ मोलर केले, तर वाढ ६.८ च्या पुढे सरकत नाही. अल्क संपला की क्रिया थांबते.

आता अल्क कायम ठेवू : १ मोलर कॉस्टिकचे २५ मिलिलिटर. त्याला पुरेल एवढेच आम्ल वेगवेगळ्या संहतीचे घेऊ. ०.५ मोलर आम्ल ५० मिलिलिटर लागेल आणि तापमान ४.५ अंश वाढेल. १ मोलर २५ मिलिलिटर लागेल, वाढ ६.८. २ मोलर साडेबारा मिलिलिटर, वाढ ९.१. ४ मोलर सव्वासहा मिलिलिटर, वाढ १०.९. संहती आठपट झाली, तापमानातली वाढ अडीचपटही झाली नाही. चारही पेल्यांत निघालेली उष्णता एकच आहे, सुमारे १४२५ ज्यूल. फक्त ती वाटून घेणारे पाणी कमी होत गेले. अल्काचे २५ मिलिलिटर तर राहणारच, म्हणून या हिशेबाला १३.६ अंशांची कमाल मर्यादा आहे. १२ मोलर संहत आम्ल घेतले की मर्यादा मोडते. उदासिनीकरणाच्या उष्णतेने वाढ १२.६ अंश यावी, ती प्रत्यक्षात पंधरा-सोळा अंशांच्या घरात जाते. वरचे तीन अंश आम्ल पातळ होण्याचे.

चौथे, वेग. १९५५ मध्ये ग्योटिंगेनमध्ये मानफ्रेड आयगेन आणि लिओ दी मायर यांनी हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांच्या भेटीचा वेग मोजला. त्याचा स्थिरांक मोलर एककात सेकंदाला १.४ गुणिले दहाचा अकरावा घात एवढा निघाला. पाण्यातल्या सगळ्यात वेगवान क्रियांपैकी ही एक. ०.१ मोलर द्रावणात निम्मी क्रिया एका सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी वेळात पुरी होते. आयगेनला १९६७ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. याचा व्यवहारातला अर्थ असा की दोन द्रावणांच्या उदासिनीकरणात क्रियेची वाट पाहावी लागत नाही, ढवळण्याची पाहावी लागते. अल्क घन असेल, चुनखडीचा खडा असेल, तर मात्र आम्ल पृष्ठभागापर्यंत पोचणे हाच मुख्य अडथळा ठरतो. तिथे संहती वेगावर थेट परिणाम करते.

पाचवे, अंतिम बिंदूची धार. ब्युरेटमधून शेवटचा थेंब पडतो तेव्हा रंग एकदम पालटावा लागतो. तो पालटतो की हळूहळू सरकतो, हे संहतीवर ठरते. २५ मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल तेवढ्याच संहतीच्या कॉस्टिकने उदासीन करताना, सममूल्य बिंदूच्या एक थेंब आधी आणि एक थेंब नंतर सामू किती उडी मारतो? द्रावणे १ मोलर असतील तर ३ वरून ११ वर. ०.१ मोलर असतील तर ४ वरून १० वर. ०.०१ मोलरला ५ वरून ९ वर. ०.००१ मोलरला फक्त ६ वरून ८ वर. फिनॉल्फ्थॅलिन साधारण ८.२ ते १० दरम्यान आणि मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ दरम्यान रंग बदलते. ०.१ मोलरला दोन्ही चालतात, ०.००१ मोलरला एकही नीट चालत नाही. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून सामू खाली ओढतो. संहत द्रावणांत तो नगण्य असतो, विरल द्रावणांत तो निकाल बिघडवतो. दुसऱ्या टोकाला, द्रावण फार संहत असेल तर एकेका थेंबातच इतके मोल जातात की मोजणी खडबडीत होते. प्रयोगशाळांनी ०.१ मोलर हा मधला रस्ता निवडला, तो या दोन टोकांमधून.

कारखाना, ऊस आणि कोकणची माती

सांडपाण्याच्या टाकीपाशी हीच उत्तरे पैशांत आणि धोक्यात मोजली जातात. भारताच्या पर्यावरण नियमांनुसार नदीनाल्यात सोडायच्या पाण्याचा सामू ५.५ ते ९ दरम्यान असावा लागतो. तारापूर, लोटे-परशुराम, डोंबिवली अशा औद्योगिक वसाहतींतल्या रासायनिक कारखान्यांना हा आकडा रोज गाठायचा असतो. आता हिशेब पाहा. सामूचा बदल रोखणारे बफर नसलेल्या एक हजार लिटर आम्लयुक्त पाण्याचा सामू २ वरून ३ करायला ३६० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. तोच ६ वरून ७ करायला अवघा ०.०४ ग्रॅम, म्हणजे सुमारे नऊ हजारपट कमी. एकाच झडपेने दोन्ही कामे नीट होत नाहीत. म्हणून दोन किंवा तीन टाक्या ओळीने ठेवतात : पहिलीत मोठा डोस, शेवटचीत बारीक.

कोणता अल्क वापरायचा, यावर या क्षेत्रात दोन मते आहेत. चुना स्वस्त, आणि त्याच्या संतृप्त द्रावणाचा सामू १२.४ च्या पुढे जात नाही, त्यामुळे चूक झाली तरी मर्यादित राहते. पण सल्फ्युरिक आम्लाशी तो जिप्सम तयार करतो. लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅमच्या आसपासच जिप्सम विरघळते. त्यामुळे आम्ल लिटरला सुमारे दीड ग्रॅमपेक्षा संहत असेल तर जिप्सम तळाशी बसू लागते, चुन्याऐवजी चुनखडी वापरली तर तिच्या खड्यांवर त्याचा थर चढतो आणि आतली चुनखडी वाया जाते. शिवाय साचलेला गाळ कुठे टाकायचा, हा प्रश्न उरतो. कॉस्टिक महाग, पण गाळ जवळजवळ नाही आणि वेग जास्त. मात्र हात थोडा जास्त पडला तर सामू चुन्याच्या १२.४ च्याही पलीकडे जाऊ शकतो. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पर्याय सुरक्षित आहे, पण तो संथ चालतो. आम्लाची संहती आणि रोजचे प्रमाण पाहिल्याशिवाय यांतले कोणतेच उत्तर सर्वत्र लागू होत नाही.

साखर कारखान्यात संहतीचा प्रश्न अल्काच्या बाजूने येतो. उसाच्या रसाचा सामू साडेपाचच्या आसपास किंवा थोडा खाली असतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक कारखान्यांत पाण्यात कालवलेला चुना, म्हणजे मिल्क ऑफ लाइम, आणि सल्फर डायऑक्साइड वापरून तो ७ च्या आसपास आणतात. आम्लता उरली तर साखर फुटते आणि उतारा घटतो. चुना जास्त झाला तर ग्लुकोज-फ्रुक्टोजचा नाश होऊन रस काळवंडतो. चुना घट्ट कालवला तर थेंब पडतो तिथे रस क्षणभर जास्त अल्कधर्मी होतो. पातळ कालवला तर ते पाणी पुढे वाफेवर आटवावे लागते आणि इंधन लागते. किती घट्ट, हे प्रत्येक कारखाना आपल्या रसावरून आणि ढवळण्याच्या सोयीवरून ठरवतो.

मातीत आणखी एक धडा मिळतो. कोकणच्या जांभ्या जमिनीतून पावसाने कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन जातात आणि माती आम्ल होते. सामू मोजला म्हणजे किती चुना टाकायचा ते कळले, असे होत नाही. पाण्यात मोकळे असलेले हायड्रोजन आयन फारच थोडे असतात. खरा साठा चिकणमातीच्या कणांवर आणि ॲल्युमिनियमच्या रूपात दडलेला असतो. एकाच सामूच्या दोन शेतांना चुना वेगवेगळा लागू शकतो. १९६१ मध्ये शूमेकर, मॅक्लीन आणि प्रॅट यांनी बफर द्रावणात माती ढवळून हा साठा अंदाजण्याची पद्धत दिली. तिचे सुधारित प्रकार आजही वापरात आहेत, पण कोणती पद्धत कोणत्या मातीला बसते, यावर मृदाशास्त्रज्ञांत एकमत नाही.

न सुटलेले प्रश्न

सगळ्यात मूलभूत प्रश्न संहत आम्लातल्या ‘हायड्रोजन आयनाचाच’ आहे. एकट्या आयनाची सक्रियता कोणत्याही उपकरणाने थेट मोजता येत नाही. सामूची व्याख्या त्यामुळे संकेतांवर उभी आहे आणि ते संकेत विरल द्रावणांसाठी केलेले आहेत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीतल्या पाण्याचा सामू उणे ३.६ एवढा नोंदवला. तो आकडा कोणत्या गणिती प्रतिमानाने काढला, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. अशा द्रावणाला उदासीन होण्यासाठी किती अल्क लागेल, हे मात्र अनुमापनाने बिनचूक सांगता येते. एकाच द्रावणाबद्दलचा एक प्रश्न पक्का आणि दुसरा संकेतावर टेकलेला, अशी आजची स्थिती आहे.

दुसरा प्रश्न प्रोटॉनच्या रूपाचा. तो पाण्याच्या एका रेणूला चिकटून राहतो, दोघांत वाटला जातो, की चौघांच्या गटात वावरतो? आयगेन आणि झुंडेल यांच्या नावांची दोन रूपे अनेक दशके चर्चेत आहेत. अतिजलद अवरक्त वर्णपटांनी दोन्हींच्या खुणा दाखवल्या आहेत. संहती वाढली आणि पाणी अपुरे पडू लागले की या रूपांचे प्रमाण कसे बदलते, यावर काम सुरू आहे.

तिसरा प्रश्न वैद्यकीय. त्वचेवर आम्ल पडले तर अल्क लावावा का? प्रस्थापित सल्ला स्पष्ट आहे : ताबडतोब आणि बराच वेळ भरपूर पाणी. उदासिनीकरणाची उष्णता जखम वाढवेल, ही भीती त्यामागे आहे. प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत, विशेषतः अल्काच्या जखमांवर अगदी विरल सौम्य आम्ल वापरल्यावर, ही भीती अपेक्षेइतकी खरी ठरली नाही. वर दिलेला तापमानाचा हिशेबही सांगतो की विरल द्रावणांत वाढ लहान असते. तरीही घटनास्थळी संहती कोणालाच माहीत नसते आणि पाणी सहसा हाताशी असते. म्हणून सल्ला बदललेला नाही, आणि तो तसाच पाळायला हवा.

चौथा प्रश्न शिक्षणाचा. काही शिक्षक सामूपासून सुरुवात करतात, कारण रंगपट्टी मुलांना लगेच भावते. काहींच्या मते आधी मोलांचा हिशेब पक्का व्हावा, नाहीतर सामू कमी म्हणजे अल्क जास्त, हा गैरसमज रुजतो. दोन्ही बाजूंना आधार आहे. पट्टी तीव्रता आणि संहती यांची सरमिसळ दाखवते, मोल त्या वेगळ्या करतात पण कोरडे वाटतात.

या आढाव्यातून एक निर्णय काढता येतो. ‘आम्लाची संहती उदासिनीकरणावर परिणाम करते का?’ हा प्रश्न वहीत या रूपात लिहूच नये. लागणारा अल्क, मोलमागची उष्णता, तापमान, वेग आणि अंतिम बिंदू यांपैकी कशावर, हे त्यात लिहावे. शिक्षकांनी हा फरक मुलांच्या हाती द्यावा. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. थर्मोकोलचा एक पेला, एक थर्मामीटर, १ मोलर कॉस्टिक सोड्याचे २५ मिलिलिटर आणि ०.५, १ व २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे अनुक्रमे ५०, २५ व साडेबारा मिलिलिटर, डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे. तीन वेळा मोजायचे, तापमानातल्या वाढीला मिसळलेल्या द्रावणाच्या एकूण आकारमानाने गुणायचे आणि तीन गुणाकार एकमेकांशेजारी मांडायचे. तापमाने वेगळी येतील, गुणाकार जवळपास सारखेच येतील.